चार सुती बोल्ट

आमच्या आखाड्यापासून, म्हणजे शेतातल्या घरापासून, डांबरी रस्ता दोन किलोमीटर. मध्ये शेताशेतांतून जाणारी पांदण, आणि पांदणीत काळी माती. उन्हाळ्यात मोटारसायकल भुर्रकन जाते, पण आषाढ लागला की तीच माती मडगार्डात घट्ट बसते आणि गाडी ढकलत न्यावी लागते. मी झरीच्या शाळेत भूगोल शिकवतो. बूट पिशवीत घालून अनवाणी जायची मला सवय, त्यामुळं माझं काही अडत नव्हतं. अडत होतं आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं. त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार परभणीला मशीनवर चार-चार तास. एक खेप चुकली की पाय सुजायचे, दोन चुकल्या की दम लागायचा. तिसरी चुकली तर काय, हे डॉक्टरांनी आप्पांसमोरच सांगून टाकलं होतं. आप्पा तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले होते.

झरीत खोली करू म्हणालो, तर म्हणे, "मी आखाडा सोडत न्हाई." विषय खलास. मग मी जुनी जीप घेतली. एका कंत्राटदाराकडं खडी-मुरमात राबून राबून खिळखिळी झालेली, पण चारही चाकांना ओढ असलेली. मिस्त्री म्हणाला, "सर, हिला चार बोटं उचलू, चिखलाचे टायर घालू, मग बघा." मिस्त्री झरीचाच, तोंडात सतत सुपारी. सामान मात्र त्याच्याकडं नव्हतं. परभणीत विचारलं तर दुकानदार म्हणाला, असलं कोण घेतंय हो इकडं, ऑनलाइन बघा.

मग काय, लागलो बघायला. मधल्या सुट्टीत, परीक्षेच्या सुपरव्हिजनला, आप्पा मशीनवर असताना बाहेरच्या बाकड्यावर, सारखा मोबाईल. चिखलाचे टायर, स्प्रिंगा उचलायचे शॅकल, अडकलं तर ओढून काढायची विंच. आप्पांना येताना आडवं होता यावं म्हणून मागं रेलणारी सीट. एकदा तर मी टपावर जाणारी हवेची उंच नळी मागवली, नदीतून गाडी घालताना इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून असते ती. आमच्या वाटेत साधा ओढासुद्धा नाही. बायको म्हणाली, "अहो, डोकं ठिकाणावर हाय का?" होतं की. पण सामान निवडताना तेवढा वेळ दुसरं काही मनात येत नसे, म्हणून मी निवडतच राहायचो.

त्या दिवसांत मला काय वाटायचं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. कायबी वाटायचं न्हाई. आप्पांच्या हातातून रक्त नळीत जाताना दिसायचं आणि मी स्क्रीनवर टायरवरची नक्षी बघायचो. नाही म्हणायला राग तेवढा यायचा. फोटोत एक अन् खोक्यात दुसरंच! सीट मागवली तर खाली बसवायची एकच पट्टी आली, दुसरी कुठं गेली म्हणून विचारावं तर पलीकडून हिंदीतून "आपकी असुविधा के लिए खेद है." अरे, खेद काय चाटू का? त्यात पार्सलवाल्याचा फोन, "सर, लोकेशन शेतात दाखवायलंय." म्हणालो, "शेतातच हाय बाबा, ते काय खोटं बोलायलंय का?" तरी तो आला नाहीच. सगळी खोकी झरीच्या कृषी केंद्रात, खताच्या पोत्यांवर येऊन पडायची. दुकानदार मला बघितलं की सुरू व्हायचा, "सर, रणगाडा बनवायलात का? मला बी एखादी फेरी मारा."

राहता राहिले शॅकलचे बोल्ट. मिस्त्री म्हणाला, "चार सुती मागवा, चांगल्या ताकदीचे." सूत हे मिस्त्री लोकांचं माप, ऑनलाइन ते कुठं असतं? तिथं सगळं मिलिमीटरमध्ये. पण मला काय शिकवता, आधल्याच वर्षी मी गच्चीचा स्लॅब टाकला होता. चार सुती सळई म्हणजे बारा मिलिमीटर, हे आमच्याकडं घर बांधलेल्या कोणालाही पाठ असतं. मी बारा एमएमचे आठ बोल्ट मागवले आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

खोकं आलं तेव्हा आप्पा बाजेवर बसले होते. ते सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, उभा जन्म नट-बोल्टात गेलेला. त्यांनी एक बोल्ट उचलला, अंगठा अन् बोटाच्या चिमटीत धरून गोल फिरवला, आट्यांवर नख घासलं. मी वाट बघत होतो. मला वाटतं, शाबासकीचीच. "चांगला हाय," म्हणाले आणि खोक्यात ठेवला.

पाऊस लागून आठवडा झाला होता. मिस्त्रीनं जीप जॅकवर घेतली, शॅकल लावले, बोल्ट घातला, आणि बोल्ट भोकात डगडगा हालायला लागला. मिस्त्री सुपारी थुंकला. "मायला, सर, हे सळईचं सूत झालं की! सळईचं चार सूत बारा. बोल्टचं चार सूत म्हणजे अर्धा इंच, पावणेतेरा धरा. असा बसवला तर पांदणीच्या पहिल्याच खड्ड्यात तुटंल." मास्तर असून फजिती झाली. अर्धा इंची बोल्ट पुन्हा मागवले. आठ दिवस लागतील असं दाखवत होतं.

ते आठ दिवस आप्पा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेले. खाली गादी, वर ताडपत्री. येताना उलट्या केल्या. शनिवारी ट्रॅक्टरही अर्ध्या पांदणीत रुतला आणि ती खेप चुकली. रविवारी पाय सुजले, बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. मंगळवारी डॉक्टर सगळ्यांसमोर मला बोलले. मी मान हलवत राहिलो.

बरोबरचे बोल्ट आले त्या दिवशी मिस्त्री आखाड्यावर आला. काम करता करता सहज म्हणाला, "आप्पा, तुमी एवढे फिटर. पहिला बोल्ट हातात घेतलात अन् तुमाला कळलं न्हाई?"

"कळलं होतं," आप्पा म्हणाले.

मिस्त्री हसला, त्याला थट्टा वाटली. मला वाटली नाही. तो हात धुवायला हौदावर गेला तेव्हा मी विचारलं, "मग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर बरोबरचा आला असता."

ते जीपकडं बघत म्हणाले, "मशीनवर लय गार पडतं रे. हाडात शिरतं. मला वाटलं, पांदणच बंद झाली तर तुज्यावर बी बोल न्हाई, माज्यावर बी न्हाई."

मला भयंकर राग आला. एवढे महिने मी कोणासाठी मरायलो होतो? खोकी कोणासाठी वाहिली? ओरडावंसं वाटलं आणि पाठोपाठ लाज वाटली. एवढ्या महिन्यांत मी टायर कुठला, सीट कुठली, पाना कुठला, सगळ्या जगाला विचारत सुटलो होतो. त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. मग रागही गेला आणि लाजही गेली, आणि मी मिस्त्रीला चहा करून दिला.

गुरुवारी जीप निघाली. खरं सांगायचं तर मस्त चालली. चिखल चाकाखालून मागं उडत होता, गाडी डुलत होती पण थांबत नव्हती. आप्पा मागं रेलून, दांडी धरून बसले होते. डांबरीला लागलो. उजवीकडं परभणी. मी ब्रेक दाबला आणि इंजिन चालू ठेवून विचारलं, "आप्पा, जायचं का?"

मागून एक टेम्पो हॉर्न देऊन निघून गेला.

"आज चल," ते म्हणाले. "पण दर खेपेला इचारत जा."

तेव्हापासून मी दर खेपेला तिथं थांबून विचारायचो. कधी ते नुसती मान हलवायचे, कधी म्हणायचे, "चल, नर्स पोरगी वाट बघत आसंल." एकदा म्हणाले, "चल, पण येताना भजे खाऊ." डॉक्टरांनी मना केलेले भजे आम्ही खाल्ले. पावसाळा गेला, तूर फुलली, पांदण वाळून खडखडीत झाली. आता मोटारसायकलसुद्धा गेली असती.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी डांबरीपाशी ब्रेक दाबला आणि विचारलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले.

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. जीप वळवली आणि त्यांना आखाड्यावर घेऊन आलो.