झाकणाखालचा कागद

फळांच्या पॅकिंग शेडमध्ये सगळे तिला वहिनीच म्हणत. खरी वहिनी ती एकाच बाईची, टेबलापलीकडे उभं राहून पेट्या भरणाऱ्या नणंदेची. पण नणंद इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यानं हाक मारायची की ड्रायव्हरपासून मुकादमापर्यंत सगळ्यांचीच ती वहिनी होऊन बसली.

काम दिसायला सोपं. पुठ्ठ्याच्या पेटीत तळाला कागदाच्या कात्रणांची गादी, तिच्यावर नासपतीचा थर, फटींत पुन्हा कात्रण, पुन्हा थर, शेवटी कात्रण आणि झाकण. कात्रण कमी पडलं तर फळं वाटेत एकमेकांवर आपटतात. जास्त झालं तर झाकणच त्यांना चेपतं आणि माल पोचेपर्यंत डाग धरतो. किती पुरे ते मोजून सांगता येत नाही. तळहातानं हलकंच दाबलं की कात्रण जरा वर उसळतं, तेवढं पुरे.

वहिनीला ती उसळी हल्ली कळेनाशी झाली होती. वर्षानुवर्षं कोरडा कागद आणि थंडगार फळं हाताळून बोटं बधिर झाली होती. भाजी चिरताना कापलं तरी रक्त दिसल्यावरच समजायचं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कमी पडायला नको म्हणून ती आपली एक मूठ जास्तच घालायची.

"वहिनी, किती दाबतेस गं! दादाला दाबून ठेवलंयस तेवढं पुरे नाही का?"

"तुझा दादा दबणाऱ्यातला असता तर मी इथं उभी असते का?"

दुपारी मुकादम दोन पेट्या घेऊन आला आणि त्यानं त्या टेबलावर धाडकन ठेवल्या. झाकण काढलं. वरचा सगळा थर चेपलेला, तपकिरी.

"परत आल्यात. तुमच्याच टेबलाच्या. आधीच्या खेपेलाही हेच होतं," तो म्हणाला. "कुणाच्या?"

पेटीवर टेबलाचा आकडा असतो, बाईचं नाव नसतं. दोघी खाली बघून पेट्या भरत राहिल्या.

"ठीक आहे. दोघींपैकी एक उद्यापासून फळं धुवायला. कोण ते तुम्हीच ठरवा."

धुण्याच्या हौदावर दिवसभर ओल्यात उभं राहायचं. पाय सुजतात, साडी वाळत नाही. तिथं गेलेली बाई पुन्हा टेबलावर आलेली कुणी पाहिली नव्हती.

"माझ्या असतील," नणंद पटकन म्हणाली. "माझं लक्ष नसतं. तोंडाचा पट्टा सुरू असतो ना सारखा."

वहिनीनं मान वर केली. नणंद तिच्याकडे बघतच नव्हती, उगाच कात्रण सारखं करत होती. म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. वहिनीची कंबर सकाळपासून भरून आली होती. नुसतं गप्प राहायचं होतं, आणखी काही नाही. मुकादम पाठ फिरवून निघालाही.

"अहो, थांबा. माझ्या आहेत त्या," ती म्हणाली. "माझ्या हाताला कळत नाही आता."

मुकादमानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग आधी बोलायचं ना, वहिनी," एवढंच म्हणाला आणि पेट्या उचलून गेला.

"मोठी आलीय खरं बोलणारी!" नणंद फणकारली. "मी निभावलं असतं की. माझे पाय धड आहेत अजून."

"म्हणून काय माझ्या पेट्या तू तुझ्या नावावर घेणार?"

नणंद उरलेला दिवस तिच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी हौदावर होती. फळं पाण्यात सोडायची, चोळायची, जाळीवर निथळत ठेवायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाय खांबासारखे जड झाले. भिंतीशी पालथ्या घातलेल्या क्रेटवर ती टेकली, पण डबा उघडायचंही त्राण नव्हतं. तेवढ्यात नणंद तणतणत आली.

"नवी बाई दिलीय समोर. मुकीच जणू! दिवसभर भांडायला कुणी नाही मला."

"घरी भांडू."

"घरी गेल्यावर जीव कुठं उरतो गं अंगात?"

वहिनी बाजूला सरकली. अर्ध्या क्रेटवर नणंद कशीबशी बसली आणि तिनं दोघींचे डबे उघडले.