बँडमास्तरची थाप

आमच्या गावातल्या इंग्रजांच्या काळच्या दफनभूमीत आज सकाळी एका थडग्यावर बुलबुल गात बसला होता. त्याच्या पायाखाली दगडात कोरलेला छोटा ढोल उन्हात स्पष्ट दिसत होता. गाइड म्हणून मी वर्षानुवर्षं सांगत आलो, की इथे वाघ मारणारा सेनापती झोपलाय. खरं तर तिथे पलटणीचा बँडमास्तर आहे. पण सेनापती म्हटलं, की लोक थांबायचे, फोटो काढायचे. गेलेला माणूस उठून आपली चूक दुरुस्त करत नाही, याचा आपण किती फायदा घेतो!

आज मात्र त्या गाण्यापुढे खोटं बोलवेना. आलेल्या मंडळींना खरं सांगून टाकलं.

"अहो काका, मग वाघ?" एका बाईंनी विचारलं.

"वाघ कोणीच मारला नाही. मी थापा मारल्या."

सगळे हसले. आता ही मंडळी पुढे निघणार, असं मला वाटलं. पण बाईंचे यजमान ढोलकी वाजवणारे निघाले. "म्हणजे हे आमच्यातलेच की!" म्हणत ते वाकले आणि दगडाच्या कडेवर त्यांनी बोटांनी हलकेच ठेका धरला. बाकीच्यांनी टाळ्यांची साथ दिली.

इतक्या वर्षांत त्या दगडावर पडलेली ही पहिली खरी थाप.