हलका ट्रक आणि विहिरीचं पाणी

अ‍ॅरिझोनातल्या आमच्या हिवाळी तळावर, म्हणजे थंडीपुरती चाकांची घरं लावून राहायच्या जागी, वेंडेल टॉर्गरसनचा ट्रक हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय आहे. ट्रक वाईट नाही. बाजारहाट करावा, फार तर बियाण्याची चार पोती आणावीत, अशा कामाचा तो हलका ट्रक. पण त्याच्या हौद्यात लोखंडी जबडा बसवून वेंडेलनं त्यावर जे 'पाचवं चाक' टेकवलंय, म्हणजे मान पुढे काढलेली ती भलीमोठी कॅरॅव्हॅन, तिच्यात झोपायची खोली आहे, न्हाणीघर आहे, दोन आरामखुर्च्या मावतील अशी बैठक आहे आणि सगळं सगळं असलेलं स्वयंपाकघर आहे. तट्टावर वऱ्हाड बसवावं तसा प्रकार. तळावर शिरताना वेंडेल दिसला की खुर्च्या टाकून बसलेली मंडळी हातातला कप खाली ठेवतात आणि मजा बघतात.

असं का झालं, त्याला कारण आहे. ट्रक आधी आला, तेव्हा त्याच्यामागे छोटंसं चाकांचं घर होतं आणि नॉर्थ डकोटात शेत होतं. बर्फ पडायच्या आधी खाली अ‍ॅरिझोनात यायचं, पेरणीला परत जायचं. मग वेंडेलचे गुडघे बोलायला लागले. मुलगी सिअ‍ॅटलला, तिला गव्हात रस नाही. वेंडेलनं शेत विकायचं ठरवलं. बायको आर्लिस तेव्हा एवढंच म्हणाली, "घर सोडायचं तर स्वयंपाकघर माझ्या मनासारखं पाहिजे." म्हणून ही कॅरॅव्हॅन. तिच्या जोडीला मोठा ट्रक घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र वेंडेलचा हात आखडला.

तेव्हापासून त्याला वजनाचं वेड लागलं. निघायच्या आठवडाभर आधी तो कपाटं उघडून एकेक वस्तू हातात घेऊन तोलायचा. आर्लिसचा बिडाचा तवा गेला, त्याच्या जागी पत्र्याचा आला. जाड पुस्तकं वाचनालयाला गेली. स्वतःचा लाडका बोलिंगचा चेंडूसुद्धा त्यानं चर्चच्या जत्रेत देऊन टाकला, हे कबूल करायला हवं. आणि एक नियम तर काळ्या दगडावरची रेघ: रस्त्यावर निघताना पाण्याची टाकी रिकामी. भरलेली टाकी म्हणजे चार धट्टेकट्टे गडी मागे बसवल्यासारखं.

"पाणी काय, जिथं थांबू तिथं मिळतं," तो म्हणायचा. "पाणी म्हणजे पाणी."

हे आर्लिसला कधीच पटलं नाही. त्यांच्या विहिरीच्या पाण्यात लोह होतं. मोरीवर तांबडे डाग, पांढरे शर्ट दोन धुण्यांत पिवळे. पण तिची कॉफी त्याच पाण्याची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं दुसऱ्या पाण्याची कॉफी प्यायली ती नाइलाजानं, आणि प्रत्येक वेळी तसं बोलून दाखवलं.

गिऱ्हाईक मिळायला काही वर्षं गेली, आणि मग एका शरद ऋतूत शेताचा ताबा द्यायचा होता. विकत घेणारा हॉफर चांगला माणूस, पण त्याला जमीन हवी होती, घर नको होतं. घर पाडणार, विहीर बुजवणार आणि त्यावरून नांगर फिरवणार, हे त्यानं टोपी काढून, नीट सांगितलं होतं.

निघायच्या सकाळी वेंडेल ट्रक मागे घेत होता. कॅरॅव्हॅन जोडणाऱ्या माणसाशी आमच्यात कोणी बोलत नाही. यजमान बोलत नाही, पाहुणा बोलत नाही, कुत्र्यालाही कोणी हाक मारत नाही. एका वर्षी बर्नी लुकासनं, त्यांच्या गावाकडच्या आणि तळावरच्याही शेजाऱ्यानं, नेमक्या त्या वेळी "मुलगी कशी आहे?" असं विचारलं, वेंडेल उत्तर देत बसला आणि ट्रकचा मागचा फाळका पाडायचा विसरला. फाळक्यावरचा पोचा अजून तसाच आहे. त्यामुळे आर्लिस पायरीवर गप्प उभी होती. खुंटा जबड्यात बसला, खटका लागला. वेंडेलनं ट्रक जरासा पुढे ओढून बघितला. पकड घट्ट होती. मग त्यानं विचारलं, "टाकी?"

"रिकामी," आर्लिस म्हणाली.

फाटकाबाहेर वळताना वेंडेलला कळलं. ट्रकचं बूड खाली बसलं होतं आणि नाक वर आलं होतं. मागे वजन कुठं आणि किती आहे हे सांगायला त्याला काट्याची गरज नव्हती. त्यानं आरशात घराकडे पाहिलं, आर्लिसकडे पाहिलं. ती समोर बघत होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. त्यानं गिअर बदलला आणि वाट धरली.

बर्नी त्यांच्यामागे आपलं घर ओढत होता. मागे जोडचाकं असलेला त्याचा डिझेल ट्रक डोंगरही ओढून नेईल. दोघांकडे बोलायचे वॉकीटॉकी होते, आणि बर्नीला बोलायला विषय मिळाला होता.

"वेंडेल, अरे तुझ्या ट्रकचं नाक आभाळाला लागलंय. पाखरं मोजतोयस का?"

"रस्ता बघ तुझा."

"रात्री दिवे लावलेस तर विमानं उतरतील बाबा. काय भरलंयस आत? सगळं चर्च उचलून आणलंस की काय?"

आर्लिसनं हात लांबवला आणि यंत्राचा आवाज बारीक केला.

सपाट मुलुखात निभावलं. वेंडेल हळू चालवत होता, वारा आला की दोन्ही हातांनी चाक धरत होता. पण यूटाहमध्ये घाट लागला तशी ट्रकची खरी कसोटी सुरू झाली. गिअर खाली आला, आणखी खाली आला. तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. वेंडेलनं इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला आतला हीटर पूर्ण सोडला. दोघं काचा खाली करून घामानं निथळत बसले. जळक्या तेलाचा वास आला तेव्हा माथा दिसत होता. माथ्यावरच्या मोकळ्या जागेत त्यानं ट्रक घातला आणि इंजिन बंद केलं. बॉनेटखालून वाफ निघत होती.

आर्लिसनं मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

"टाकी भरलेली आहे," आर्लिस म्हणाली.

"माहितेय."

"कधीपासून माहितेय?"

"फाटकापासून."

"मग बोलला का नाहीस? एरवी चमचा जास्त झाला तर घर डोक्यावर घेतोस!"

वेंडेलनं टोपी काढून कपाळ पुसलं. "काय बोलणार? शेत मी विकलं. वर आता पाणी पण ओतून दे म्हणू?"

आर्लिसच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवलं नाही. वेंडेललाही फार वाईट वाटत होतं, पण त्याला वाईट वाटलं की तो गिअरबद्दल बोलतो.

"चढ संपलाय," तो म्हणाला. "इंजिन निवू दे. उतार मी सावकाश नेईन. खालच्या गिअरमध्ये."

"सावकाश नेशील? ती पाटी वाच."

पुढे रस्ता खाली कोसळत होता आणि पिवळ्या पाटीवर लिहिलं होतं, की ब्रेक गेलेल्या गाड्यांनी उजवीकडच्या वाळूच्या चढात घुसावं. वेंडेलनं पाटी आधीच वाचली होती.

"मला एकदा नेऊन बघू दे," तो म्हणाला.

"आणि नाही जमलं तर? वेंडेल, आपल्याला आता एवढं एकच घर आहे. ते मी वाळूत घालू देणार नाही." ती उतरली. "आधी कॉफी करते."

तिनं मागे जाऊन किटली भरली. तोवर बर्नी आपला ट्रक लावून आला, वाफ बघितली, वाकून कॅरॅव्हॅनच्या दबलेल्या स्प्रिंगांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्याला थट्टा सुचली नाही. आर्लिसनं त्याच्या हातात कप दिला.

"त्याच विहिरीचं?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. बर्नीनं घोट घेतला. "खिळे उकळल्यासारखी लागते गं, आर्लिस."

"आणखी देऊ?"

"दे."

तिघांनी उभ्या उभ्याच कॉफी संपवली. मग आर्लिसनं दुधाचा एक रिकामा प्लास्टिकचा कॅन विसळून काठोकाठ भरला, बूच घट्ट लावलं आणि नळाखालच्या कपाटात ठेवला. "नाताळच्या कॉफीला होईल," ती म्हणाली. वेंडेल टाकी रिकामी करायची तोटी उघडायला वाकला तेव्हा तिनं त्याला बाजूला केलं आणि कॅरॅव्हॅनखाली हात घालून तोटी स्वतः फिरवली.

पाणी खडीवरून वाहत रस्त्याच्या कडेच्या चरात गेलं. बराच वेळ लागला. आर्लिस शेवटपर्यंत तिथंच उभी राहिली, आणि वेंडेल तिच्या शेजारी. बर्नी आपल्या ट्रकच्या टायरांना उगाच लाथा मारत फिरत होता. ट्रकचं बूड बोटभर, मग दोन बोटं वर आलं. एरवी हे बघून वेंडेलला बरं वाटलं असतं.

उतार नीट पार पडला. ब्रेक तापले, पण टिकले.

तळावर पोचल्यावर दुसऱ्या सकाळी आर्लिसनं इथल्या नळाच्या पाण्याची कॉफी केली. वेंडेलनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"कशी झालीय?" तिनं विचारलं.

"पाणी म्हणजे पाणी," तो म्हणाला. पण तो कप त्यानं अर्धाच प्यायला, आणि पुढचे कितीतरी दिवस रोज अर्धाच पीत राहिला. आर्लिसच्या ते लक्षात आलं होतं. ती बोलली नाही, कारण तिच्या मते या माणसाला इतक्या वर्षांनी का होईना, चव कळली होती.

नाताळला तिनं कॅन बाहेर काढला, टेबलावर ठेवला, बघितला आणि परत आत ठेवून दिला.

वसंतात वर निघायची वेळ आली. या वेळी जायचं ते मुलीकडे. वेंडेलनं नेहमीप्रमाणे कपाटं उघडली. घडीच्या दोन खुर्च्या बर्नीला दिल्या. स्वतःची हत्यारांची पेटी, जी त्याच्या वडिलांची होती, तीही बर्नीच्या तळावरच्या छपरीत ठेवली. आर्लिसच्या मुरंब्याच्या बरण्या निम्म्या वाटून टाकायला लावल्या. त्यावरून भांडण झालं, ते सगळ्या तळानं ऐकलं. मग तो गुडघ्यांवर बसून नळाखालच्या कपाटाकडे वळला. पाण्यातलं लोह खाली बसून कॅनच्या तळाशी तांबडा थर झाला होता. त्यानं कॅन उचलला, खालचं फडताळ फडक्यानं पुसलं आणि कॅन होता तिथं ठेवला.

आर्लिस मागे उभी होती. "ते आता पिण्याजोगं राहिलं नसेल, वेंडेल. जड आहे, दे ओतून."

"छे," तो उठता उठता म्हणाला. "त्याचं काही वजन नाही."