भोंग्याचा अबोला

माझ्या धाकट्या दिरांना बस डेपोत सगळे भोंगा म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी तिथे गाड्या पुकारल्या. काचेची एवढीशी खोली, समोर वेळापत्रकाचा तक्ता, डाव्या हाताशी माइकचं बटण. माइक बिघडला तरी त्यांचं काही अडत नसे. खिडकी उघडून ओरडले की नवव्या फलाटावरचा माणूसही पिशवी उचलून पळत सुटे. घरातही तोच आवाज. भाऊजींनी मीठ मागितलं तरी वाटायचं, कुठलीतरी गाडी आता सुटणार.

वरच्या मजल्यावर आम्ही, खाली भाऊजी, जाऊ आणि सासूबाई. माझे यजमान जहाजावर असतात, त्यामुळे माझा दिवस खालीच जायचा. सासूबाईंची नजर काचबिंदूने गेलेली. चपलेवरून, खोकल्यावरून, किल्ल्यांच्या आवाजावरून त्या माणूस ओळखत.

मग भाऊजींचा घसा बसला तो उठेचना. चार महिने ते खडीसाखर आणि गोळ्या चघळत राहिले. एका सकाळी वर माझ्याकडे आलेल्या सासूबाई एकट्याच कठड्याला धरून जिना उतरू लागल्या, तेव्हा ते त्या फाटक्या आवाजात त्यांच्यावर ओरडले. सासूबाई काय ऐकून घेणार!

"दिवसभर गाड्यांवर ओरडतोस, घरी येऊन आईवर. एकदाचा गप्प बस, म्हणजे घराला शांतता मिळेल!"

पुढच्याच आठवड्यात तपासणीचा निकाल आला. कर्करोग. स्वरयंत्र सगळंच काढावं लागलं. गळ्यात पुढच्या बाजूला शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं भोक, आणि आता श्वास तिथून.

"ताई," जाऊ मला इस्पितळाच्या जिन्यातच म्हणाली, "आईंना यातलं अक्षर कळता कामा नये. हाय खातील त्या. माझी शपथ आहे तुम्हाला."

मी मान डोलावली. इस्पितळातल्या दिवसांना आम्ही बाहेरगावचं प्रशिक्षण म्हटलं. परत आल्यावरच्या खोकल्याला दमा म्हटलं. ते बोलत का नाहीत, याला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते सासूबाईंनी स्वतःच शोधलं.

"अबोला धरलाय माझ्याशी," त्या म्हणाल्या. "धरू दे. मी त्याची आई आहे, मलाही धरता येतो."

भाऊजी संध्याकाळी त्यांचे पाय चेपायला बसत, की त्या पाय आखडून घेत. असा मऊपणा त्यांना नको होता, शब्द हवा होता. मला ते बघवेना. मी म्हटलं, "भाऊजी, सांगून टाकू या का?" त्यांनी वहीत लिहिलं, "मी सांगेन. तोंडाने." खाली दोन रेघा ओढल्या.

आता तोंडाने सांगायचं तर नवं बोलणं शिकायला हवं होतं. इस्पितळात एक बाई ते शिकवत. हवा अन्ननलिकेत ढकलायची आणि ढेकरासारखी वर आणताना तिचे शब्द करायचे. भाऊजींचा पहिला आवाज मोरी तुंबल्यासारखा आला. बाहेरच्या बाकावरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं आणि चटकन नजर फिरवली. एकोणीस वर्षं ज्यांच्या शब्दावर माणसं धावली, त्यांनी तिथे जाणं बंद केलं.

दुपारी ते मोबाइलवर अकॉर्डियन ऐकत बसायचे. तेवढी एक जुनी आवड. एके दिवशी मी त्यांच्या गळ्यावरच्या जाळीच्या फडक्यांच्या घड्या घालत होते आणि मोबाइलने आपल्याच मनाने पुढचं गाणं लावलं. सुरुवात अकॉर्डियनचीच, कुणाच्या तरी लग्नात सगळे नाचतायत अशी चाल. मागून व्हायोलिन आलं. मग शिलाई मशीन पिसाळावं तसे ड्रम. आणि या सगळ्यावर एका पुरुषाचा आवाज, लोखंडी कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा.

"अहो बंद करा ते," मी म्हटलं, "दूध नासेल घरातलं."

त्यांनी हात वर केला. थांबा. ताठ बसून त्यांनी ओळीने अकरा गाणी ऐकली. मग वहीत लिहिलं, "फिनलंड. फोक मेटल म्हणतात." आणि थोड्या वेळाने खाली, "हा माझ्यासारखा बोलतो. आणि लोक नाचतात."

त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. मोबाइलकडून शब्दांचे अर्थ काढून घ्यायचे आणि मला दाखवायचे. एका गाण्यात कुणी आपल्या भावाला गोठलेल्या जमिनीत पुरत होता, कुदळ आत जात नव्हती, आणि चाल अशी की माझी टाच आपोआप हलायला लागली. मी ओशाळले. भाऊजी हसले. हसण्याचा आवाज येत नाही आता, खांदे तेवढे हलतात. मला वाटतं, त्यांना तेच हवं होतं. रडण्यासारखंच ते, पण रडून न सांगता, घोगऱ्या, खरवडलेल्या आवाजात, लाज न बाळगता कुणीतरी ताठ उभं राहून सांगत होतं, आणि बाजूला अकॉर्डियन थांबत नव्हतं.

ते त्या ड्रमच्या ठेक्यावर हवा गिळायला शिकले. एका ठोक्याला हवा आत, पुढच्या तिनांत शब्द बाहेर. एका घोटात तीन अक्षरं. जाऊ खिडक्या लावून घ्यायची. सासूबाई आतून ओरडायच्या, "माझ्याशी बोलायचं नाही म्हणून राक्षस आणून बसवलाय घरात!"

'कप' जमलं, 'टपाल' जमलं, 'बटाटा' तर झकास. प, ट, क म्हणताना ओठ नाहीतर जीभ आपटते, हवा आपसूक आत जाते. 'आई'ला तसा धरायला काठच नाही. नुसते स्वर. दिवसातून शंभरदा म्हणायचे, तेव्हा कुठे चारपाचदा यायचं.

तेवढ्यात सासूबाईंचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, अंथरूण सुटेना. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे.

त्या मंगळवारी सकाळी मी सासूबाईंची वेणी घालत होते. भाऊजी अनवाणीच आले आणि पलंगाच्या कडेला बसले. शेजारच्या खोलीत गाणं चालूच होतं. त्यांनी हवा गिळली, मान थोडी खाली घेतली आणि म्हणाले, "आ...ई."

स्वच्छ आलं. इतकं चांगलं आधी कधी आलं नव्हतं.

सासूबाईंनी तोंड दाराकडे वळवलं. "सूनबाई, तो राक्षस बंद कर आधी. आणि माझा मुलगा कुठे आहे बघ. त्याला म्हणावं, म्हातारी चालली, आता तरी बोल."

भाऊजींनी परत तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मन हललं की हवा आत ठरत नाही, असं त्या बाईंनी सांगितलं होतंच. गळ्यातून नुसती शीळ वाजत राहिली.

मी शपथ मोडली. सासूबाईंचा हात धरला, भाऊजींच्या गळ्यावरचं फडकं बाजूला केलं आणि त्यांची बोटं तिथे ठेवली. बोटांवर गरम श्वास लागला तशा त्या दचकल्या. मग त्यांनी बोट हळूच भोकाच्या कडेने फिरवलं.

"गाणं नव्हतं ते, आई. भाऊजीच बोलले," मी म्हटलं, आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं.

त्यांनी बोटं मागे घेतली. मग विचारलं, "किती दिवस झाले?"

"सात महिने."

"सात महिने रोज माझ्या हाताला धरून तू मला मोरीत नेत होतीस."

एवढंच. त्या माझ्याशी बोलल्या ते शेवटचं वाक्य. जावेशी तर तेवढंही बोलल्या नाहीत. लपवलं आम्ही तिघांनीही होतं. शिक्षा मात्र त्यांनी दोघींनाच दिली.

पुढचे एकोणीस दिवस त्या फक्त भाऊजींशी बोलल्या.

"मीच म्हटलं होतं ना रे, गप्प बस?"

"तसं... नाही. रोग... होता."

"आणि तो गाणारा बाप्या? त्यालाही हेच झालंय?"

"नाही. मुद्दाम... करतो."

"मुद्दाम? शहाणाच दिसतोय." मग उशीवर मान टेकत, "लाव त्याला. तू पण बोल. कळत नाही सगळं, पण बोल."

मी हाताच्या अंतरावर असले तरी निरोप भाऊजींकडून यायचा. "तिला सांग, पाठ दुखते." भाऊजी माझ्याकडे बघत, हवा गिळत. "वहिनी... पाठ." मी कूस वळवून द्यायची. "तिला सांग, सूप खारट झालंय." "वहिनी... मीठ." डेपोत आता यंत्र गाड्या पुकारतं. भाऊजींना सापडलेल्या सामानाच्या खोलीत बसवलंय. घरी मात्र त्या एकोणीस दिवसांत त्यांच्याशिवाय एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता.

शेवटच्या दुपारी सासूबाईंचे ओठ कोरडे पडले होते. मी चमच्याने पाणी लावलं. "कोण पाजतंय?" त्यांनी विचारलं. "वहिनी," भाऊजी म्हणाले. त्यांनी दोन चमचे घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं. चारच्या सुमारास गेल्या.

आता तीन महिने होतील. परवा मी फडकी वाळत घालत होते, भाऊजींच्या खोलीत तेच अकॉर्डियन चालू होतं. मला राहवलं नाही.

"भाऊजी, आई माझ्याबद्दल काही म्हणाल्या होत्या का? तुमच्यापाशी?"

त्यांनी गाणं थांबवलं. एक खोटा शब्द त्यांना सहज जमला असता. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, हवा गिळली.

"नाही," ते म्हणाले.