भास्करकाका आणि ढवळीचं घर

कुत्रं न्यायला कोणी आलं की भास्करकाका आधी कुत्रं दाखवत नसत. शेडच्या दाराशी लाकडी बाक होता. त्यावर त्या माणसाला बसवत आणि स्वतः आत निघून जात. अर्धा तास, कधी पाऊण तास. बहुतेक लोक घड्याळ बघत, दोनदा हाका मारत आणि चिडून उठून जात. मी एकदा म्हटलं, "काका, हा त्यांचा अपमान आहे." ते एका आंधळ्या कुत्र्याचे गोचीड काढत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, ज्याले बाकावर बसनं जमत नाई, त्याले लंगड्या कुत्र्यामांगं चालनं कसं जमन?"

नांदुऱ्यात ते गुरांच्या दवाखान्यात परिचर होते. निवृत्तीनंतर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यामागची टिनाची शेड त्यांनी मागून घेतली आणि रस्त्यावर जखमी झालेली कुत्री तिथे आणून ठेवू लागले. मी गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल. शेड माझ्या घराच्या मागेच असल्यामुळे संध्याकाळी मी तिथे जाऊन बसत असे. ते फार बोलत नसत, मीही नाही. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात रेडिओदेखील वाजत नव्हता.

ढवळी त्यांना महामार्गाच्या कडेला मिळाली. ट्रकच्या धक्क्याने तिची कंबर मोडली होती. पुढचे पाय शाबूत, मागचं अंग मेलेलं. सायकलची दोन लहान चाकं लावून काकांनी तिला गाडी करून दिली होती आणि ती शेडभर हिंडायची. अडचण वेगळीच होती. तिला लघवी आपणहून होत नसे. दिवसातून चार वेळा पोटाच्या दोन्ही बाजूंना बोटं लावून, मूत्राशय चाचपून, हळूहळू दाबत ती काढावी लागे. हे राहिलं तर आत विष होतं आणि जनावर दगावतं. तीन वर्षं काकांनी एकही वेळ चुकू दिली नाही. पुतण्याच्या लग्नातून अक्षता पडताच उठून आले होते.

श्रावणात त्यांचा श्वास लागू लागला. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप बदलावी लागेल, नागपूरला जावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तारीख पोळ्यानंतरच्या आठवड्यातली मिळाली. बाकीची कुत्री सांभाळायला पुतण्या तयार झाला, पण ढवळीपाशी येऊन थांबला. "काका, दुसरं काईबी सांगा. हे मुताचं काम माह्याच्यानं नाई होत."

काका मला म्हणाले, "मी परत आलो तं ठीक. नाई आलो तं हिचं काय?"

बघून बघून मला ते काम येत होतं, पण वाचनालय सोडून दिवसातून चार वेळा येणं शक्य नव्हतं. पुढचा आठवडाभर मी शेगाव, मलकापूर, खामगाव इथल्या ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. ढवळीची निगा कशी करायची ते दोन पानांवर स्वच्छ अक्षरात लिहून काढलं. शेगावचं एक शिक्षक जोडपं आलं. काका त्या दिवशी दुपारची वेळ माझ्यावर सोपवून तपासणीसाठी अकोल्याला गेले होते. दोघांनी माझी पानं बारकाईने वाचली, शंका विचारल्या, मी करून दाखवलं तेव्हा टिपणंही घेतली. अशा माणसांना बाकावर काय बसवायचं? मी ढवळी त्यांच्या स्वाधीन केली. संध्याकाळी काकांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले आणि गाडीच्या चाकाची जुनी रबरं गोळा करून ठेवू लागले.

पाचव्या दिवशी त्या बाईंचा फोन आला. आवाजात आनंद होता. "ताई, ढवळी सुधारली. कालपासून गादी कोरडी आहे. दाबलं की कण्हते, म्हणून आम्ही दाबलंही नाही. अंगणात तिचं तीच करत असणार."

मी हे काकांना सांगत होते आणि ते चपला घालत होते.

आम्ही तडक शेगाव गाठलं. ढवळी त्या घरात पंख्याखाली स्वच्छ गादीवर पडली होती. डोळे अर्धे मिटलेले, पोट दगडासारखं. काका फरशीवर बसले, तिला मांडीवर घेतलं आणि बोटं लावली. काहीच होईना. जोर करावा तर आत फाटण्याची भीती. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि मला त्यांचाच श्वास जास्त ऐकू येत होता. बाई दारात रडत उभ्या. वीसेक मिनिटांनी दोन थेंब पडले. मग हळूहळू, रक्ताची झाक असलेली धार लागली.

काका त्या दोघांना रागावले नाहीत. उठताना म्हणाले, "तुमी चांगले मानसं हाय. पन तुमाले कोरडं घर आवडते."

परतताना गाडीत मी माफी मागितली. ढवळीला मांडीवर घेऊन ते खिडकीबाहेर बघत होते. "तुमी त्याइले वाचता येते का ते पाह्यलं," एवढंच म्हणाले.

इंजेक्शनांवर ढवळी उभारी धरू लागली. काकांना निघायला सहा दिवस उरले होते. पोळ्याच्या दुपारी ते म्हणाले, "बाई, स्कूटी काढा. वडनेरले जाऊ."

मला वाटलं, कोणाकडे पुरणपोळीचं बोलावणं असेल. पण ते कोणाच्या घरी गेले नाहीत. गावाबाहेर पोळा भरला होता, तिथे तोरणापासून लांब, बैलांच्या रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले. पुढे झडत्या, पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणं चाललं होतं, रंगवलेल्या शिंगांचे, नव्या झुलींचे बैल मिरवत होते. काका तिकडे बघतही नव्हते. "धडधाकट बैल कोनीबी सजवते," ते म्हणाले. "ज्याच्याकून काम होत नाई त्याले कोन आनते, ते पाह्याचं हाय."

शेवटून दुसरा एक हाडं निघालेला बैल होता. चार पावलं टाकायचा आणि थांबायचा. मागून कोणीतरी ओरडलं, "काऊन बे सुखदेव, त्याले खाटेवर घालून आनाचं होतं ना!" हसू उसळलं. कासरा धरलेल्या माणसाने मागे वळूनही पाहिलं नाही. "येते तो. थांब जरासा," म्हणाला आणि बैल पाऊल उचलेपर्यंत उभा राहिला.

"चला," काका मला म्हणाले.

आम्ही त्यांच्या मागोमाग घरी गेलो. सुखदेवची बायको, दुर्गाबाई, बैलाच्या पायावर पाणी घालत होती. काकांनी विचारलं, "कधीपासून बिनकामाचा बसून हाय हा?"

"झाले चार वरसं."

"मंग ठेवला काऊन?"

"काऊन म्हंजे? घरचा हाय."

काकांनी ढवळीचं सगळं सांगितलं. लघवीचंही. दुर्गाबाईने तोंड वाकडं केलं. "नाई बावा. मले घान वाटते."

"वाटतेच. मलेबी वाटे," काका म्हणाले. "एक डाव येऊन पाहा. नाई जमलं तं नाई."

चार दिवस कोणी आलं नाही. काकांची पिशवी भरून झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी नवराबायको बसमधून उतरली. "वावरात निंदन होतं," दुर्गाबाई म्हणाली, आणि पदर खोचून ढवळीजवळ बसली.

ढवळी गुरगुरली. बाईची बोटं भलत्याच जागी पडत होती. मी पुढे सरकले, तर काकांनी नजरेनेच थांबवलं. त्यांनी स्वतः हात पाठीमागे बांधून घेतले होते, घट्ट. दुर्गाबाई थांबली, ढवळीच्या पाठीवर नुसता हात ठेवून बसली, मग पुन्हा चाचपू लागली. सुखदेव तंबाखू मळायचा विसरला होता. कितीतरी वेळाने धार लागली, ती थेट तिच्या लुगड्यावर. आता ही उठणार, असं मला वाटलं. तिने एकदा लुगड्याकडे पाहिलं आणि काकांना विचारलं, "झालं का पुरं, का हाय आनखी पोटात?"

काकांनी हात सोडले. "हाय जरासं," म्हणाले. "काढा."

त्या दुपारी ढवळी वडनेरला गेली आणि दुसऱ्या दिवशी काका नागपूरला. शस्त्रक्रियेनंतर ते दोन दिवस शुद्धीवर होते. पुतण्याने फोन त्यांच्या कानाशी धरला तेव्हा मी सांगितलं, ढवळी बरी आहे. ते म्हणाले, "मले ठाव हाय." तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेरवीला सुखदेव आणि दुर्गाबाई आले. मांडवात माणसं फार होती, पंगतीला उशीर झाला. एकदाची पानं वाढली गेली, तेव्हा दुर्गाबाईने नवऱ्याच्या हातातलं घड्याळ पाहिलं आणि ती पाटावरून उठली. कोणी म्हातारी म्हणाली, "तेरवीच्या पानावरून उठू नाई, बाई." दुर्गाबाईने पानाला हात जोडले. "तिची येळ झाली," म्हणाली, आणि दोघं घाईने स्टँडकडे निघाले.