व्याह्यांना दिलेला वजीर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. अख्ख्या गल्लीसमोर माझी जी फजिती झाली ती मीच सांगते. लोकांनी सांगितली की तिच्यात तिखट जास्त पडतं.

शाळा मी पाहिली ती बाहेरून. अक्षरं शिकले किराणाच्या पुड्यांवरून आणि बुद्धिबळ शिकले सासऱ्यांचा डाव चुलीपाशी बसून बघता बघता. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणाचं ऐकायची सवयही नाही! थोरल्या सुनेचे वडील किसनराव आमच्या वडीगोद्रीला आले की आमचा डाव ठरलेला. आणि दर खेपेला ते हरायचे. दर खेपेला! मग मी स्वतःला काय समजावं, तुम्हीच सांगा.

एकोणीसशे नव्वदच्या पुढची गोष्ट. गुळाच्या पुडीवर एकदा बुद्धिबळातल्या जगभरच्या अचाट चालींबद्दल छापलेलं सापडलं. कुण्या परदेशी खेळाडूनं आपला वजीर थेट शत्रूच्या तोंडात नेऊन ठेवला म्हणे. बघणारे थक्क! समोरच्यानं डाव सोडला आणि लोकांनी पटावर सोन्याची नाणी फेकली! पण वजीर दिल्यावर पुढं काय करायचं? तो तुकडा फाटून दुसऱ्या कुणाच्या तरी गुळाला गेला होता. म्हटलं जाऊ दे. अवघड तेवढं तर कळलं!

त्याच महिन्यात माझ्या लेकीला, रेखाला जालन्याला नर्सच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. पण ती सासरी जाफराबादला. तिच्या सासऱ्यांच्या परवानगीशिवाय जाणार कशी? ते दामूअण्णा एक दिवस पेढे घेऊन दारात हजर. किसनरावही तेव्हा आलेलेच होते.

"ईनबाई, रेखाचं सांगायला आल्तो…"

"काही सांगू नका!" मी पट मांडला. "मी जिंकले तर रेखा जालन्याला जाणार. हरले तर पुन्हा शब्द काढणार न्हाई. हे सगळे साक्षीला!"

सगळे म्हणजे ओसरीवर जमलेली गल्ली.

"अहो, पण ऐका तर…"

"भ्यालात का?"

दामूअण्णांनी किसनरावांकडं बघितलं. किसनराव छताकडं बघून राह्यले होते. बसले बिचारे खेळायला.

आणि काय खेळत होते हो! घोडा फुकट, उंट फुकट. मला वाटलं, माझ्या दराऱ्यानं माणूस गडबडला. म्हटलं, असल्या डावात साधं जिंकण्यात काय मजा? उचलला वजीर आणि ठेवला त्यांच्या राजाच्या नाकासमोर.

"शह!"

मी तर नाणी पडायची वाट बघत होते.

दामूअण्णांच्या कपाळावर घाम. राजाला हलायला घर नाही. वजीर खायला हत्तीशिवाय कुणी नाही. पटाकडं बघत हळूच म्हणाले, "ईनबाई, ही चाल परत घ्या."

"दिलेला वजीर परत घ्यायची आमच्यात पद्धत न्हाई!"

"मी हात जोडतो."

"जोडा! पण खेळा!"

त्यांनी हत्तीनं वजीर उचलला. अगदी तिरडीला खांदा दिल्यासारखा. आणि हत्ती जाऊन थांबला तो नेमका माझ्या राजाच्या सरळ रेषेत. राजाभोवती माझीच प्यादी, माझाच हत्ती ठासून भरलेला. बाजूला सरकायला जागा नाही, मधे आणायला मोहरं नाही.

मात! मलाच!

मी माझा राजा आडवा केला. मग म्हटलं, "शब्द म्हणजे शब्द. रेखा जायची न्हाई."

दामूअण्णा तर रडकुंडीला आले. "अहो, मी पेढे कशाचे आणले? तिला पाठवून राह्यलो, हेच तर सांगायला आल्तो! तुम्ही तोंड उघडू द्यायलात का? मंग म्हटलं, गपचूप हरावं, तुमचाही मान राहील. पण तुम्ही हरूच देईनात!"

तेव्हा किसनराव छतावरून खाली उतरले. म्हणजे त्यांची नजर उतरली.

"दामूअण्णा, आधी मला इचारायचं व्हतं. ईनबाईंसमोर हरणं सोपं न्हाई. पोरीचा बाप म्हणून इतकी वर्षं हरून राह्यलो, लई ध्यान द्यावं लागतं. जरा नजर चुकली की आपण जिंकतो!"

ओसरी अशी हसली की समोरच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. माझी सून पदर तोंडात कोंबून आत पळाली.

पण मी शब्दाची पक्की. जिंकल्याशिवाय रेखाला जाऊ देणार नाही म्हटलं. मग काय, दुसरा डाव मांडला. दामूअण्णा खेळायला आणि कसं हरायचं ते कानात सांगायला किसनराव. मी वजीर जागचा हलवलासुद्धा नाही.

जिंकले मी. रेखा गेली जालन्याला.

पण दोन शहाण्या माणसांना मिळून माझ्यासमोर हरायला दिवेलागण झाली!