चंदूचं आवतण

मढच्या कोळीवाड्यातल्या पुतळाबाईचं आयुष्यात एकच मागणं उरलं होतं. लेकीच्या, कमळच्या लग्नात तिच्या मेलेल्या बापाचं नाव घेतलं जावं. एवढंच. ते कोणी पुरं केलं नाही, आणि न करणाऱ्यांत मीही आहे, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. राहायचो अंधेरीला. रोज सकाळी वेसाव्याहून तरीने खाडी ओलांडून मढला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पुतळाबाई त्याच संध्याकाळच्या तरीने मासळीची पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात यायची. कोळणीला 'अहो-जाहो' ठाऊक नसतं. "मास्तर, सरक जरा, तुजं धोतर नासंल," असं पहिल्याच दिवशी सुनावून ती माझ्याशेजारी बसली, ती पाच वर्षं.

ती लग्नात आवतण गायची. हळदीआधी, मांडवात उंबराची फांदी रोवली की देवांना, त्या घरच्या आणि मग सोयऱ्यांच्या पितरांना एकेक नाव घेऊन जेवायला बोलवायचं, हे तिचं काम. नाव घेतलं की तो पितर येतो, त्याचं पान मांडतात, भात वाढतात. नाव राहिलं तर तो येत नाही. आणि एक कडक नेम, आवतण सुरू झालं की कोणी मध्ये बोलायचं नाही. खोकलासुद्धा पदरात. मध्येच कोणी तोंड उघडलं तर आलेले पितर अर्ध्या वाटेवरून मागे फिरतात आणि त्या जोडप्याच्या संसाराला कोणी वाली राहत नाही. गाणारी विधवा असली तरी चालते, उलट तिची हाक पलीकडे लवकर पोचते असं वाड्यात म्हणत.

त्रेपन्नच्या शिमग्यात ती विधवा झाली. दारूबंदी येऊन तीन-चार वर्षं झाली होती, म्हणजे मढच्या खाडीकाठच्या तिवरांत हातभट्ट्या जोरात चालल्या होत्या. सर्वांत मोठी भट्टी तुळशीदासाची. काळा गूळ, नवसागर आणि आणखी काय काय टाकायचा, देव जाणे. त्या शिमग्यात त्याची दारू पिऊन वाड्यातले चार जण गेले. त्यांत पुतळाबाईचा नवरा चंदू. आधी डोळे गेले, मग दुपारपर्यंत तो गेला. पंचनाम्यात 'आकडी येऊन' असं लिहिलं. चौघांना एकाच दिवशी आकडी!

दोन महिन्यांनी चंदूच्या पुतण्याचं लग्न होतं. पुतळाबाई गायला बसली. समोर पहिल्या रांगेत तुळशीदास, कारण वाड्याचा तो मोठा माणूस. देव झाले, जुने पितर झाले, आणि तिने त्याच चालीत पुढे म्हटलं,

ये रं चंदू, पुतन्याच्या मांडवी ये,
तुलशीच्या भट्टीचं पानी प्यायलास,
आता भात जेवाया ये.

तुळशीदासाचा चेहरा काळाठिक्कर पडला, पण उठणार कसा? बोलणार कसा? नेम त्याच्याही बापजाद्यांचा. त्याने सगळं आवतण मुकाट ऐकून घेतलं. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, या बाईने पोलिसांना जे जमलं नाही ते केलं. मग ज्या घरी लग्न, त्या घरचा दारूने मेलेला माणूस ती याच शब्दांत बोलवू लागली. बायका डोळे पुसत, आणि दुसऱ्या दिवशी तरीवर तिची पाटी आधी चढवून देत. दोन घरांतल्या पुरुषांनी भट्टीवर जाणं सोडलंदेखील.

इथेच थांबायला हवं होतं. पण माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला थांबवत नाही. मी अंधेरीच्या दारूबंदी प्रचार समितीचा चिटणीस होतो. दर महिन्याला सभा घ्यायची आणि रिकाम्या खुर्च्यांना उपदेश करायचा, हा आमचा उद्योग. मला वाटलं, ही बाई स्टेजवर आणली तर सभा भरेल.

"मांडव कुठं हाय?" तिने विचारलं.

"मांडव नाही. सभा आहे."

"मंग भात कुठं हाय? बोलावलं तर वाढाय नको?"

"अहो पुतळाबाई, ते खरंच थोडेच येतात! लोकांनी ऐकायला हवं. दारूबंदी खात्याचे मोठे साहेब येणार आहेत."

तिने पाटीतले बोंबील सारखे केले. मग म्हणाली, "साहेब भट्टी बंद करंल?"

"करेल," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

सभा तुडुंब भरली. पुतळाबाईने डोळे मिटून चौघांना हाका मारल्या. टाळ्या पडल्या, मागून कोणी 'वन्समोर' ओरडलं, आणि तिने तेच चौघे पुन्हा बोलावले. मी पडद्याआड उभा राहून खूश होत होतो. मग घाटकोपरहून बोलावणं आलं, मुलुंडहून आलं, बोरिवलीच्या गणपतीत तर लोक झाडावर चढून बसले. वर्षभरात उपनगरांत तिचं नाव झालं. चाल इतकी गोड की अंधेरीची पोरं ती शीळ घालत फिरू लागली. शब्द मात्र कोणाच्या तोंडी नव्हते.

साहेबांनीही माझा शब्द राखला. एकदा धाड पडली. दोन मडकी फुटली, फोटो निघाला. आठ दिवसांनी तिवरांतून पुन्हा धूर.

तुळशीदास मात्र माझ्यापेक्षा शहाणा निघाला. त्याने पुतळाबाईला शिवी दिली नाही की हात लावला नाही. त्या साली मासळी लागली नव्हती, माणसं आधीच घाबरलेली. वाड्याच्या बैठकीत तो हात जोडून म्हणाला, "माज्या भट्टीचं राहू द्या, मी वाईट हाय. पन ही बाय आपले पितर घाटकोपरला बोलावते. तिथं मांडव नाय, भात नाय. उपाशी पितर कुठं जातील? आपल्याच घरी येतील ना रं?"

हेच तिने मला आधी विचारलं होतं. ज्यांचे नवरे गेले त्या बायकांनीसुद्धा मान खाली घातली. ठराव झाला की पुतळाबाईने यापुढे वाड्यातल्या कुठल्याही मांडवात गायचं नाही. मी बैठकीत काही बोलायला गेलो, तर एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, तुमी पोरांना पाढे शिकवा." मी खाली बसलो.

छप्पन सालच्या वैशाखात कमळचं लग्न ठरलं. मुलगा मनोरीचा, चांगला. आवतण गायला गोराईची माणिकबाई ठरली. पुतळाबाई संध्याकाळी तरीवर मला म्हणाली, "मास्तर, माजं कोन ऐकत नाय. तू तिला सांग. भट्टीचं नको, तुलशीचं नको. नुसतं चंदू म्हन. बापाला लेकीचं लगीन कलाय नको?"

मी माणिकबाईला भेटलो. ती हो म्हणाली. मला बरं वाटलं. हळदीच्या आदल्या दिवशी तिच्याकडे तुळशीदासही जाऊन आला होता, हे मला नंतर कळलं.

हळदीच्या दिवशी मांडवात तुळशीदास पहिल्या रांगेत होता. मी त्याच्या मागे. माणिकबाईने देव बोलावले. मग चंदूचा पणजा, आजा, बाप. पुतळाबाई कमळच्या मागे बसली होती. चंदूच्या बापाचं नाव झालं तशी ती किंचित पुढे सरकली. आता पुढचं नाव.

माणिकबाईने एक श्वास घेतला आणि ती थेट नवऱ्यामुलाच्या पितरांवर गेली.

पुतळाबाईचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता ही ओरडणार. नुसता 'चंदू' एवढा शब्द. पण मध्ये बोललं की सगळे पितर मागे फिरतात, लेकीच्या संसाराला कोणी राहत नाही. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. ज्या नेमाने एकदा तुळशीदासाला गप्प बसवलं होतं, त्याच नेमाने आज तिला बसवलं. मला तर कसलाही नेम नव्हता, माझा त्या पितरांवर विश्वासही नव्हता. तरी मी बोललो नाही. भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

आवतण संपलं. पानं मांडली. चंदूचं पान नव्हतं.

जेवणं उरकल्यावर मी पुतळाबाईला शोधत घरामागे गेलो. ती हातात केळीच्या पानावर भात घेऊन दर्याकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं, ती स्वतःच त्याला हाक मारणार. म्हटलं, "पुतळाबाई, बोलवा ना त्यांना. इथे कोण ऐकतंय?"

"मांडवाभाइर बोलावून एकदा चुकले, मास्तर," ती म्हणाली. "आता नाय."

मग वाकून तो भात तिने कोंबड्यांपुढे टाकला.